साऱ्या देहाचा आजार : प्रस्तावना

हंटिंग्टनच्या आजाराने माणूस जातो तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा मेंदूचा उल्लेख नसतो. तिथे न्यूमोनिया लिहिलेला असतो, आणि तो पुष्कळदा घास किंवा पाणी श्वासनलिकेत गेल्यामुळे झालेला असतो. अनेक देशांतल्या जुन्या नोंदींमध्ये त्याच्या खालोखाल हृदयविकार येतो. शेवटच्या वर्षांत तर बरगड्या मोजता याव्यात इतके वजन उतरलेले असते. असे असूनही पाठ्यपुस्तकात, दवाखान्यात आणि घरात हा आजार ओळखला जातो तो मेंदूचा म्हणून. मानेच्या खाली, म्हणजे स्नायूंत, हृदयात, आतड्यांत, रक्तात या आजाराचे काय चाललेले असते, ते हे पुस्तक सांगते. ही माहिती मराठीत येण्याची गरज मला का वाटते, ते इथे मांडतो.

ज्यांनी या आजाराचे नाव पहिल्यांदाच ऐकले असेल त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. साधारण तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, तोवर धडधाकट असलेल्या माणसाचे हातपाय, खांदे, चेहरा आपोआप हलू लागतात. वस्तू हातातून निसटतात, चाल डगमगते, बोलणे जड होते. बरेचदा याच्याही आधी स्वभाव बदललेला असतो: चिडचिड, खिन्नता, कशातच मन न लागणे. पुढे विचार करण्याची आणि कामाची आखणी करण्याची ताकद कमी होत जाते. लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण पंधरा ते वीस वर्षे हा प्रवास चालतो. आईवडिलांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी असते.

1872 मध्ये जॉर्ज हंटिंग्टन या बावीस वर्षांच्या अमेरिकन डॉक्टरने याचे नेमके वर्णन लिहिले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्याचे वडील आणि आजोबाही डॉक्टर होते. तिथल्या काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेले हे दुखणे तिघांनी मिळून पाहिलेले होते. रोग आनुवंशिक आहे, तो प्रौढपणी प्रकट होतो आणि रुग्णाचा कल मनोविकाराकडे व आत्महत्येकडे असतो, या तीन गोष्टी त्याने ठळकपणे मांडल्या. पुढे शवविच्छेदनात मेंदूच्या खोल भागातला स्ट्रायटम हा गाभा झिजून गेलेला दिसला. ती झीज इतकी डोळ्यांत भरणारी असते की नंतरची शंभर वर्षे संशोधकांची नजर तिथेच खिळून राहिली. त्यात त्यांचा दोष नाही. हातपायांच्या हालचाली आणि मनाचा ढळलेला तोल, दोन्हींचा उलगडा त्या झिजेतून होत होता.

नजर बदलायला कारण झाले ते जनुक. संशोधक नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला हा आजार होता, आणि 1978 मध्ये ती गेली. दुसऱ्याच वर्षापासून नॅन्सी आणि त्यांचे सहकारी व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराच्या काठच्या वस्त्यांमध्ये जाऊ लागले. तिथे हंटिंग्टनचे रुग्ण जगात इतरत्र कुठेही नाहीत इतके दाटीने राहतात. आमेरिको नेग्रेते या स्थानिक डॉक्टरने 1950च्या दशकातच त्यांची नोंद केली होती. त्या कुटुंबांनी रक्ताचे नमुने दिले, वंशावळी सांगितल्या. 1983 मध्ये आजाराची खूण चौथ्या गुणसूत्रावर सापडली आणि आणखी दहा वर्षांनी, 1993 मध्ये, खुद्द जनुक हाती लागले. त्या मच्छीमार कुटुंबांचे ऋण जगावर आहे. या जनुकाची तपासणी त्यांच्या रक्तातून उभी राहिली आणि ती पुढे श्रीमंत देशांतल्या प्रयोगशाळांत होऊ लागली, हे विसरता कामा नये.

जनुकातला दोष सांगायला सोपा आहे. डीएनएमधली सी-ए-जी ही तीन अक्षरे एका ठिकाणी लागोपाठ येतात. बहुतेक लोकांत ती विसाच्या आसपास वेळा असतात. ती 40 किंवा त्याहून अधिक वेळा आली तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या माणसाला आजार होतोच. 36 ते 39 असतील तर होईल किंवा होणारही नाही. साखळी जितकी लांब तितका आजार लवकर येतो, आणि ती साठाच्या वर गेली तर तो बहुधा विशीच्या आत येतो. बापाकडून मुलाकडे जाताना ती वाढण्याचा धोका अधिक असतो. या जनुकापासून हंटिंग्टिन नावाचे भलेमोठे प्रथिन तयार होते. साखळी लांबली की त्याची घडी बिघडते, त्याचे तुकडे पडतात आणि ते तुकडे पेशीत गोळा होतात.

या पुस्तकाचा विषय इथून सुरू होतो. हंटिंग्टिन शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तयार होते. मेंदूइतकेच ते वृषणांत विपुल असते; स्नायू, हृदय, यकृत, स्वादुपिंड, पांढऱ्या पेशी, सगळीकडे ते आहे. 1995 मध्ये तीन गटांनी हे जनुक पूर्णपणे काढून टाकलेले उंदीर वाढवून पाहिले, तेव्हा गर्भ आठवडाभरातच, मज्जासंस्था आकाराला येण्याआधीच मेले. जे प्रथिन देहाला पहिल्या आठवड्यापासून लागते, ते बिघडल्यावर फक्त मेंदूच बिघडेल आणि बाकीचे शरीर आयुष्यभर ठणठणीत राहील, ही अपेक्षाच मुळात अवाजवी होती. 1996 मध्ये लंडनमध्ये मानवी जनुकाचा दोषी तुकडा घातलेले उंदीर तयार झाले. 1999 मध्ये त्याच उंदरांच्या स्नायूंत, हृदयात, यकृतात, मूत्रपिंडात आणि स्वादुपिंडातही प्रथिनाचे तसेच गोळे दिसले. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 मध्ये हा विखुरलेला पुरावा एकत्र मांडला, आणि त्यानंतर हा विषय बाजूला सारणे कठीण झाले.

सगळ्यांत आधी वजन. घरच्यांना हेच पहिल्यांदा दिसते आणि डॉक्टरकडे याचाच उल्लेख सगळ्यांत कमी होतो. रुग्ण भरपूर खातो, दोन माणसांचे खातो आणि तरी वाळत जातो. आपल्याकडे कुणी असे वाळू लागले की आधी क्षयाची तपासणी होते, थायरॉइड आणि साखर पाहिली जाते. ते योग्यच आहे, कारण ती कारणे जास्त आढळतात आणि त्यांवर उपचार आहेत. पण अहवाल निर्दोष आले की घरचे म्हणतात, सारखे अंग हलते ना, म्हणून जिरते सगळे. हे अर्धेच खरे. हलण्यात ऊर्जा जाते हे मोजून सिद्ध झाले आहे. मात्र हालचाली सुरूही झालेल्या नसतात त्या काळातही काही जणांचे वजन घटू लागलेले असते. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात वजन घटण्याचा वेग हालचालींच्या तीव्रतेशी जुळला नाही, तो सी-ए-जी साखळीच्या लांबीशी जुळला. म्हणजे गळती पेशीच्या आतच आहे. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका नीट चालत नाहीत, आणि त्यांचा कारभार पाहणारे पीजीसी-1 अल्फा हे प्रथिन दबलेले राहते, असे 2006 पासूनच्या कामातून दिसले आहे. काही रुग्णांना नुसते वजन टिकवण्यासाठी दिवसाला चार हजार कॅलरी किंवा त्याहूनही अधिक लागतात. दोन वेळच्या पोळीभाजीत हा आकडा गाठला जात नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि लेखकाने तो टाळलेला नाही. भूक, झोप आणि शरीराचे तापमान सांभाळणारा हायपोथॅलॅमस हा मेंदूचाच भाग आहे आणि या आजारात त्यालाही इजा होते. मग वजनाचा दोष शेवटी मेंदूकडेच जात नाही का? काही अंशी जातो. पण स्नायूंचा पुरावा वेगळे सांगतो. रुग्णांच्या स्नायूंतून काढलेल्या पेशी प्रयोगशाळेत बशीत वाढवल्या, तर तिथेही त्या नीट वाढत नाहीत, लवकर मरतात आणि त्यांच्यात हंटिंग्टिनचे गोळे दिसतात. त्या बशीत मेंदू नाही, नस नाही, हायपोथॅलॅमस नाही. 2007 मध्ये जर्मनीतून एका मॅरेथॉन धावपटूची नोंद प्रसिद्ध झाली. दोषी जनुक असलेल्या या माणसात पहिले लक्षण स्नायूंच्या विकाराचे होते. मज्जासंस्थेची लक्षणे नंतर आली. एका रुग्णावरून नियम बांधता येत नाही. पण बशीतल्या पेशी, उंदीर आणि रुग्णांच्या स्नायूंच्या चुंबकीय तपासण्या जेव्हा एकाच दिशेने बोलतात, तेव्हा स्नायू स्वतःहूनही आजारी असतो असे मानायला माझ्या मते पुरेसा आधार आहे.

हृदयाचे चित्र इतके स्वच्छ नाही. लांबलेल्या सी-ए-जी साखळीमुळे प्रथिनात तयार होणारी ग्लुटामाइनची लांब साखळी उंदरांच्या फक्त हृदयपेशींत घातली, तर हृदय निकामी होऊन ते मरतात. माणसात हृदयाची लय सांभाळणाऱ्या स्वायत्त नसाही बिघडतात, त्यामुळे दोष किती हृदयाचा आणि किती मेंदूचा हे वेगळे काढणे अवघड जाते. मधुमेहाबाबतही तसेच. उंदरांना तो ठळकपणे होतो, माणसांतले अहवाल एकमेकांशी जुळत नाहीत. वृषणांत बीजपेशी कमी झाल्याचे 2007 मध्ये दिसले. हाडे ठिसूळ होतात, आणि सारखे पडणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती गोष्ट लहान नाही.

पोटाविषयीची नोंद मला अस्वस्थ करून गेली. जर्मनीत काही रुग्णांची दुर्बिणीतून तपासणी केली, तर अनेकांच्या जठराला आणि अन्ननलिकेला सूज होती आणि त्यांनी कधी तक्रारच केलेली नव्हती. ज्याला बोलायला त्रास होतो, ज्याला स्वतःच्या अंगातले बदल नीट जाणवत नाहीत, त्याने पोट दुखते म्हणून सांगावे अशी वाट पाहत बसणे चुकीचे आहे. त्याला विचारावे लागते, आणि विचारूनही उत्तर आले नाही तर तपासावे लागते.

रक्तातही खुणा आहेत. पांढऱ्या पेशींतून निघणारे इंटरल्युकिन-6 हे दाहाचे रसायन दोषी जनुक असणाऱ्यांत लक्षणे येण्याच्या अंदाजित काळाच्या सरासरी सोळा वर्षे आधीच वाढलेले आढळले, असे 2008 च्या एका अभ्यासाने दाखवले. उलट डेन्मार्क आणि स्वीडनच्या नोंदवह्यांत हंटिंग्टनच्या रुग्णांमध्ये कर्करोग इतरांपेक्षा कमी दिसला. तेही मेंदूबाहेर घडणारेच आहे. जनुक साऱ्या देहाला स्पर्श करते, याची एवढी साक्ष पुरे.

हंटिंग्टनच्या भावंडांकडे पाहिले की ही गोष्ट आणखी ठसते. फ्रीडराइखचा अॅटॅक्सिया हा तोल जाण्याचा आनुवंशिक आजार आहे. हायडलबर्गच्या निकोलाउस फ्रीडराइख यांनी 1863 पासून त्याची वर्णने लिहिली, आणि रुग्णांच्या हृदयाचा विकार त्यांच्या तेव्हाच लक्षात आला होता. आज त्या रुग्णांचे प्राण बहुतेक वेळा हृदयच घेते. मधुमेह आणि पाठीचा बाक हेही त्या आजाराचेच भाग समजले जातात. तिथे कोणताही न्यूरॉलॉजिस्ट इकोकार्डिओग्राम सांगायला विसरत नाही. विल्सनच्या आजारात हात थरथरतात, बोलणे बिघडते, वागणे बदलते, पण मूळ गोंधळ यकृतातल्या तांब्याचा असतो. 1912 मध्ये किनियर विल्सन यांनी मेंदूची झीज आणि यकृताचा सिरॉसिस एकाच आजारात जोडून दाखवले. 1956 पासून पेनिसिलामाइनने तो आटोक्यात येऊ लागला. यकृताकडे पाहिलेच नाही, तर बरा होऊ शकणारा मेंदू हातचा जातो.

केनेडीच्या आजाराची गोष्ट सगळ्यांत बोलकी आहे. यात पुरुषांचे स्नायू झिजतात, छाती वाढते. सी-ए-जी साखळी लांबल्याने होणारा हा पहिला ओळखला गेलेला आजार, 1991 चा. मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरतात म्हणून स्नायू वाळतात, असे वर्षानुवर्षे मानले गेले. 2014 मध्ये उंदरांवरच्या दोन स्वतंत्र अभ्यासांत दोषी प्रथिन स्नायूतून किंवा मज्जासंस्थेबाहेरच्या शरीरातून कमी केले, आणि आजार मोठ्या प्रमाणात टळला. मज्जारज्जूतल्या पेशींना हात न लावता त्या वाचल्या. हंटिंग्टनमध्ये असेच घडेल असा दावा या पुस्तकात नाही, आणि नसावाच. पण शरीर आधी आजारी पडून मज्जासंस्थेला ओढत नेऊ शकते, हे एकदा दिसल्यावर मागची वाट बंद होते.

मुंबईचाही या विषयाशी जवळचा संबंध आहे. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. नोशिर वाडिया यांनी 1971 मध्ये डोळ्यांच्या मंद हालचालींसह येणाऱ्या एका आनुवंशिक अॅटॅक्सियाचे वर्णन केले. आज तो एससीए-2 म्हणून ओळखला जातो आणि त्याच्याही मुळाशी लांबलेली सी-ए-जी साखळीच आहे. खाटेशेजारी बसून नीट पाहण्याची ती परंपरा आपल्याच शहरातली. आपल्याकडे हंटिंग्टन नाहीच, हा समजही चुकीचा आहे. 1990 च्या एका अभ्यासात ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय उपखंडातल्या लोकांत त्याचे प्रमाण युरोपीय लोकांच्या साधारण निम्मे आढळले होते. निम्मे म्हणजे शून्य नव्हे, आणि आपल्या लोकसंख्येत निम्म्याचाही आकडा फार मोठा होतो.

शरीराची ही बाजू अभ्यासाची हौस म्हणून मांडलेली नाही. उपचार कुठे पोचवायचे, हा प्रश्न तिच्यावर अवलंबून आहे. हंटिंग्टिन कमी करणारे टोमिनर्सन हे औषध पाठीच्या कण्यातून मज्जाद्रवात दिले जात होते. त्याच्या मोठ्या चाचणीतले डोस 2021 मध्ये थांबवावे लागले. एएमटी-130 ही जनुक उपचारपद्धती शस्त्रक्रियेने थेट स्ट्रायटममध्ये पोचवतात. सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, जास्त मात्रा मिळालेल्या रुग्णांत तीन वर्षांत आजाराची वाढ सुमारे 75 टक्क्यांनी मंदावली. तीन वर्षे पुरी केलेले असे रुग्ण अवघे बारा होते आणि तुलना आधीच्या नोंदींतल्या रुग्णांशी होती, हेही सांगायलाच हवे. ही बातमी आशेची आहे, मला त्याबद्दल शंका नाही. पण जे औषध मेंदूच्या एका गाभ्यातच राहते, ते स्नायूंपर्यंत, हृदयापर्यंत, आतड्यांपर्यंत पोचत नाही. मेंदू वाचला आणि रुग्ण दहा-पंधरा वर्षे अधिक जगला, तर त्या वर्षांत उरलेल्या देहाचे काय होणार, याचा विचार आजच सुरू व्हायला हवा. तोंडाने घ्यायची औषधे साऱ्या शरीरात जातात, तिथे धोका वेगळा आहे. त्यांपैकी ब्रॅनाप्लाम या औषधाची चाचणी 2022 मध्ये हातापायांच्या नसांना इजा झाल्याने बंद पडली. औषध शरीरात सगळीकडे पोचवायचे तर शरीरही सगळीकडे तपासत राहावे लागेल.

तोवर जे हातात आहे ते पुष्कळ आहे, आणि ते बरेचसे स्वयंपाकघरातले आहे. गिळण्याच्या त्रासात सगळ्यांत धोक्याचे असते ते साधे पाणी आणि पातळ चहा, कारण ते घशातून वेगाने उतरतात आणि ठसका लागतो. थोडी घट्ट पेज, नाचणीचे आंबील, मऊ गुरगुट्या भात, तूप घातलेला शिरा हे सांभाळून गिळता येते आणि त्यात ताकदही असते. किती घट्ट करायचे ते गिळण्याच्या तपासणीनंतर स्पीच थेरपिस्टने ठरवावे. दिवसातून दोनदा ताट वाढण्याऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. जेवताना रुग्णाला ताठ बसवावे, टीव्ही बंद ठेवावा, घाई करू नये. दातांची निगा राखावी, कारण तोंडातले जंतूच पुढे फुप्फुसात जातात. जेवताना रोज ठसका लागत असेल आणि सोबत बारीक ताप येत राहिला, तर तो हवाबदलाचा म्हणून सोडून देऊ नये. नळीने अन्न द्यायची वेळ येऊ शकते. तो निर्णय रुग्णाला स्वतःचे मत सांगता येत असताना, त्याच्याशी बोलून घेतलेला बरा. या सगळ्यावरची प्रकरणे पुस्तकात सविस्तर आहेत, आणि माझ्या दृष्टीने ती या पुस्तकातली सर्वांत मोलाची.

हे सारे वाचताना घराण्यातल्या इतरांची भीती जागी होणार, हे मी जाणतो. आपल्याकडे लग्न जमवताना असे आजार लपवले जातात, आणि लपवल्याने ते दुसऱ्या घरात पोचतात. तपासणी करून घ्यायची की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. लक्षणे नसलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांची ही तपासणी करत नाहीत, आणि मोठ्यांनीही जनुकीय समुपदेशनाशिवाय ती करू नये. नॅन्सी वेक्सलर यांनी आपल्याला आजार आहे हे 2020 मध्ये जाहीर केले. त्याआधी अनेक दशके त्यांनी या विषयावर काम केले आणि स्वतःच्या तपासणीबद्दल मौन पाळले. तो अधिकार त्यांचा होता, तसा प्रत्येकाचा आहे.

हे पुस्तक पहिल्यांदा वाचावे रुग्णाच्या घरच्यांनी, आणि नंतर ते त्यांनी आपल्या फॅमिली डॉक्टरांच्या हाती द्यावे. न्यूरॉलॉजिस्ट वर्षातून दोन-तीनदा भेटतो. गल्लीतल्या डॉक्टरला रुग्ण दर महिन्याला दिसतो. त्यांच्याकडे जाताना सोबत एक वही न्या. तिच्यात दर महिन्याचे वजन, ठसक्याचे प्रसंग, ताप, शौचाची तक्रार आणि पडण्याचे प्रसंग एवढेच लिहिलेले असू द्या. वजन महिन्याला एकाच काट्यावर, एकाच वेळी घ्या. तीन महिने सलग उतरत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा, आणि आहारतज्ज्ञाची चिठ्ठी मागून घ्या.